पाळी गेली म्हणजे बाई संपली नाही!

आपल्या समाजातील बाईच्या शरीराची चौकशी आयुष्यात दोनदाच होते. एकदा लग्न जमवताना आणि एकदा बाळंतपणात. पहिल्या वेळी रंग विचारतात, दुसऱ्या वेळी मुलगा झाला की मुलगी, हे विचारतात. पुढे तिने चाळिशी ओलांडली, पाळी मागेपुढे होऊ लागली, कंबर भरली, गुडघे दुखू लागले, की तिच्याकडे पाहायला कुणालाही सवड नसते. ती स्वतःसुद्धा पाहत नाही. ‘आता आपले काय राहिले?’ हे वाक्य औरंगपुऱ्यात रस्त्यावर भाजी विकणाऱ्या मावशीच्या तोंडी असते आणि कचेरीतील कारकून बाईच्याही तोंडी असते. शिकलेली आणि न शिकलेली या एका बाबतीत सारखीच हरते.

आधी हे समजून घेतले पाहिजे की पाळी जाणे हा आजार नाही. आपल्या देशात साधारण ४६-४७ व्या वर्षी ती थांबते. शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते. त्यामुळे अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप मोडते, चिडचिड होते. घरातले म्हणतात, ‘आई अलीकडे फार तापट झाली.’ पण तिच्या शरीरात काय चालले आहे, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. याच काळात हाडांची झीज वाढते, पोटावर चरबी साठते, रक्तदाब आणि साखर डोके वर काढतात. बदललेले शरीर ही शरमेची गोष्ट नाही, पण त्याकडे दुर्लक्ष करणे मात्र महागात पडते. आपल्या शरीराचा स्वीकार करायचा, तो त्याची नीट काळजी घेण्यासाठी.

ही शरम येते कुठून? गोरी, सडपातळ, चिरतरुण बाई म्हणजेच सुंदर बाई, हे माप आपण ठरवलेले नाही. वर्णाच्या उतरंडीने ते शतकानुशतके शिकवले आणि बाजाराने त्याचा धंदा केला. ‘फेअर अँड लव्हली’ला २०२० साली आपल्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला, पण आपल्या घरांतील आरशांतून तो निघाला काय? उन्हात राबून रापलेला चेहरा, चार बाळंतपणांनी सैल झालेले पोट, पांढरे झालेले केस यांची लाज का बाळगायची? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना जातीची खूण सांगणारे दागिने आणि नेसण टाकून द्यायला सांगितले. त्यांनी ते आनंदाने टाकले. आज कमीपणाची ही दुसरी खूणही तशीच टाकून देण्याची गरज आहे.

बाईच्या मध्यमवयीन शरीराची किंमत किती, हे पाहायला फार दूर जायला नको. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली. तपासलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहापैकी एक! यांतील कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, फडावर संडास नाही, पाणी नाही, अंगावरून जाते, आणि डॉक्टर सांगतो की पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. ऊसतोडीला जाणाऱ्यांत दलित आणि भटक्या-विमुक्त बायाबापड्या मोठ्या संख्येने आहेत. ऐन उमेदीत पिशवी गेली, आणि तिच्यासोबत अंडाशयही काढले, तर जे पंचेचाळिशीनंतर यायचे ते पस्तिशीत येते. हाडे आधी झिजतात आणि कोयता मात्र सुटत नाही. अशा बाईला ‘फिट राहा’ असा उपदेश करणारे लेख रविवारच्या पुरवण्यांत पुष्कळ छापून येतात. तिच्या मजुरीचा आणि पाण्याचा प्रश्न त्यांत कुठे असतो?

आपल्या भगिनी म्हणतात, ‘दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?’ हा गैरसमज दूर झाला पाहिजे. धुणीभांडी, ओझे वाहणे, तासन् तास एका जागी उभे राहणे यांत तेच ते सांधे झिजतात; बाकीचे शरीर तसेच आखडलेले राहते. औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट या बाजारपेठांत कपड्यांच्या दुकानांतून काम करणाऱ्या बायकांचे पाय पाहा. गिऱ्हाईक नसतानाही त्यांना बसण्याची सोय कितीशा ठिकाणी असते? केरळमधील विक्रेत्या स्त्रियांनी यासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथे कामाच्या जागी बसण्याचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. आपल्या कामगार संघटनांनी ही मागणी आपल्या बाजारपेठेत लावून धरायला काय हरकत आहे? मजूरमंत्री असताना खाणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या हक्कांच्या कायद्यात सुधारणा करणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी आहोत.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. माता रमाई ३७ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण उपाशी राहणे, दुखणे अंगावर काढणे हाच बाईचा मोठेपणा, असा धडा आपण त्यातून घेत असू तर तो चुकीचा आहे. रमाई गरिबीने आणि आजाराने गेल्या. त्यांच्या लेकींनी निरोगी राहून दीर्घायुषी व्हावे, यातच त्यांचा सन्मान आहे. सावित्रीमाईंकडे पाहा. १८९७ च्या प्लेगमध्ये, ६६ व्या वर्षी, त्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. औरंगपुऱ्याच्या महात्मा फुले चौकात अभिवादन करताना त्या माउलीच्या पाठीतले बळही आठवावे.

तथागतांनीही देहदंडाचा मार्ग सोडला. उपोषणाने शरीर खंगले तेव्हा सुजाताची खीर स्वीकारली. शरीराचे लाड नकोत आणि हालही नकोत, हाच मध्यम मार्ग.

मग करायचे काय? आठवड्यात १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालायचे. दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असा व्यायाम करायचा. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्याही त्यासाठी पुरतात. ताटात भाकरीबरोबर डाळ, हरभरा, शेंगदाणे, तीळ, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडे-मासळी हवी, आणि सर्वांचे झाल्यावर उरलेले खाण्याची पद्धत बंद व्हायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले, ते उगाच नाही. तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि कॅन्सरची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घेता येते. तो आपला हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत. आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांना दाखवावे.

महिला मंडळांनी आणि विहारांनी रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास व्यायामाला द्यावा. या विषयावर एखादी डॉक्टर भगिनी बोलवावी आणि पुरुषांनाही ऐकायला बसवावे. महापालिकेकडे चालण्याजोगे फुटपाथ, रस्त्यावर दिवे आणि बायकांसाठी स्वच्छतागृहे मागावीत. घरातील पुरुषांनी सकाळचा चहा स्वतः करावा. तेवढ्यात तिचा अर्धा तास सुटतो.

मोर्चात पुढे चालणारी आपली बाई साठीतही तशीच ताठ चालली पाहिजे. त्यासाठी तिने उद्या सकाळपासून स्वतःसाठी चालायला सुरुवात करावी.

जय भीम!