विश्लेषण : पुरात बुडालेली ई-कार लिलावात पाव किमतीत… सौदा खरेच फायद्याचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने पात्र सोडले आणि माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर व दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरले. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूकही थांबवावी लागली. पिकांचे आणि घरांचे पंचनामे झाले, त्यांच्या बातम्याही झाल्या. मात्र प्रत्येक मोठ्या पुरानंतर आणखी एक बाजार भरतो, ज्याची बातमी होत नाही. तो म्हणजे बुडालेल्या गाड्यांच्या लिलावाचा. आजवर त्यात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या असायच्या आणि त्या घेणारे गॅरेजवाले या धंद्यात मुरलेले असायचे. आता इलेक्ट्रिक मोटारीही या यादीत येऊ लागल्या आहेत. मोबाइलवर फोटो दिसतो, किंमत निम्म्याहून कमी असते आणि गाडीवर ओरखडाही नसतो.

गाडी लिलावात येते कशी?

विमा कंपनी गाडीची एक घोषित किंमत धरते, तिला आयडीव्ही म्हणतात. एक ते दोन वर्षे जुन्या गाडीसाठी ती मूळ किमतीतून २० टक्के वजा करून काढली जाते, दोन ते तीन वर्षे जुन्या गाडीसाठी ३० टक्के. दुरुस्तीचा खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरून मालकाला पैसे दिले जातात. उरलेली गाडी ऑनलाइन लिलावात विकली जाते. अट एकच असते : जशी आहे, जिथे आहे. नंतर तक्रार चालत नाही.

समजा, १५ लाखांची ई-कार दीड वर्षाने पुरात सापडली. आयडीव्ही १२ लाख, म्हणजे टोटल लॉसची रेषा ९ लाखांवर. ई-कारच्या किमतीतला सर्वांत मोठा एकच वाटा बॅटरीचा असतो. सर्व्हेअरने बॅटरी बाद धरली की निम्म्याहून अधिक अंतर तिथेच कापले जाते. त्यात चार्जर, कन्व्हर्टर, वायरिंग आणि सीट मिळवले की रेषा ओलांडली जाते. पेट्रोल गाडी तेवढ्याच पाण्यात बुडाली तर बरेचदा दुरुस्तीत निभावते. म्हणूनच बाहेरून चकचकीत ई-कार भंगाराच्या यादीत दिसते, आणि बघणाऱ्याला वाटते, विमा कंपनी खुळी आहे.

पाणी ओसरले, गाडी सुरूही झाली. मग अडचण कुठे?

बॅटरी गाडीच्या तळाशी, जमिनीला सर्वांत जवळ असते. पाणी आधी तिच्यापर्यंत पोहोचते. विक्रेते ‘आयपी६७’ या मानांकनाचा हवाला देतात. त्याचा अर्थ एवढाच की एक मीटर पाण्यात ३० मिनिटे ठेवल्यावर आत पाणी जाऊ नये. ही चाचणी स्वच्छ पाण्यात होते. नदीचे पाणी अंगणात दिवस-दोन दिवस उभे राहते, त्यात गाळ, गटाराचे पाणी आणि शेतातून वाहून आलेले खतांचे क्षार असतात. त्या हिशेबात ३० मिनिटांचे मानांकन फार दूर नेत नाही.

आत थोडा जरी ओलावा शिरला तरी गाडी लगेच बंद पडेलच असे नाही. सुमारे ३०० ते ४०० व्होल्टच्या जोडण्यांवर हळूहळू गंज चढतो, क्षारांचा थर विजेला वाट करून देतो आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एखाद्या सेलमध्ये शॉर्टसर्किट होते. एक सेल तापला की शेजारचा तापतो. लिथियम बॅटरीची आग विझवल्यासारखी वाटते आणि पुन्हा भडकते. पेट्रोल गाडीचा ‘वाळवा, ऑइल बदला, सुरू करा’ हा गॅरेजचा मंत्र इथे लागू पडत नाही.

अमेरिकेत २०१२ च्या सँडी वादळात न्यूअर्कच्या बंदरात बुडालेल्या फिस्कर कर्मा या प्लग-इन हायब्रिड मोटारींपैकी १६ जळाल्या. कंपनीने दिलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे : सुरुवात मोठ्या बॅटरीतून झालीच नव्हती. खाऱ्या पाण्याने खराब झालेल्या, साध्या १२ व्होल्टवर चालणाऱ्या नियंत्रण यंत्रणेत शॉर्टसर्किट झाले आणि वाऱ्याने आग पसरली. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन वादळानंतरही बुडालेल्या ई-कार पेटल्या. सोलापूरला समुद्र नाही आणि गोड्या पाण्यात हा धोका कमी असतो, हे खरे. पण ‘फक्त बॅटरी तपासली, ती ठीक आहे’ हे उत्तर पुरेसे नाही, एवढे यातून कळते.

आरसी बुकावर ‘पूरग्रस्त’ असा शिक्का असतो का?

नसतो. सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच ‘सॅल्व्हेज’ असा शेरा येतो आणि पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला तो दिसतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार, गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. पण ‘टोटल लॉस’ हा विमा कंपनीचा पैशांचा हिशेब आहे, आणि ‘कायमची निकामी’ हा कायद्याचा शब्द. या दोहोंच्या मध्ये जी गाडी पडते, ती आरसीसह लिलावात विकली जाते, दुरुस्त होते आणि एमएच-१३ च्या पाटीसह कोऱ्या कागदांनिशी पुन्हा रस्त्यावर येते.

भंगारात काढलेल्या गाड्याही परत येतात. २०१९ च्या पावसाळ्यात पनवेल परिसरात पाण्यात बुडालेल्या चारशेच्या आसपास नव्या मोटारी भंगार म्हणून विकल्या गेल्या होत्या. त्यातल्या अनेकींचे चासी क्रमांक बदलून, वेगवेगळ्या राज्यांत नोंदणी करून त्या ग्राहकांना विकल्याचे नवी मुंबई पोलिसांनी २०२१ मध्ये उघड केले आणि दीडशेच्या घरात गाड्या जप्त केल्या. ज्यांच्या दारातून गाड्या नेल्या, त्यांनी पैसे मोजलेले होते.

मग नफा नेमका कशात आहे?

वरचेच उदाहरण पुढे नेऊ, आकडे समजुतीपुरते. बोली साडेतीन लाखांना सुटली. नवी बॅटरी सहा लाख, बाकी काम दोन लाख, शिवाय वाहतूक आणि आरटीओचा खर्च. बेरीज साडेअकरा-बारा लाखांवर जाते. तेवढ्यात पाणी न लागलेली, तेवढीच जुनी गाडी मिळते. बॅटरी बदललीच नाही तर मात्र तीच गाडी साडेपाच लाखांत उभी राहते. थोडक्यात, लिलावातला सगळा नफा बॅटरी न बदलण्यात आहे. बोली लावणाऱ्याला हे गणित पाठ असते. त्याच्याकडून गाडी घेणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

वॉरंटीचाही आधार नसतो. बॅटरीला साधारण ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते, पण पुराचे नुकसान त्यात धरले जात नाही. शिवाय नोंदणीकृत व्यापाऱ्याने जुनी ई-कार विकली तर त्याच्या नफ्यावर आता १२ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागतो. जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ च्या बैठकीत तसे ठरवले. बाद बॅटरी भंगारवाल्याला देऊन मोकळे होता येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत संकलन किंवा पुनर्वापर यंत्रणेकडेच गेली पाहिजे.

पैसे मिळाले, मूळ मालक सुटला का?

गाडी नेताना कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या जातात. लिलावात ती कोणी घेतली, नाव बदलले की नाही, हे मालकाला बहुधा कळतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, अपघात झाल्यास नोंदीवर ज्याचे नाव असेल तोच मालक धरला जाईल, गाडी प्रत्यक्षात कोणाच्याही ताब्यात असो. तेव्हा गाडी सोपवल्याची तारखेसह पोच घ्या आणि नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. पूरग्रस्ताच्या डोक्यावर आधीच कमी कामे नसतात. तरी हे एक काम टाळू नये.

तरीही घ्यायचीच असेल तर?

आधी लिलावाच्या यादीत ‘आरसीसह’ की ‘आरसीविना’ ते वाचा. आरसीविना गाडी म्हणजे फक्त सुटे भाग. तिला रस्त्यावर आणता येत नाही. कर्जाचा बोजा उतरला आहे का, ते पाहा. पाणी कुठवर आले होते, हे सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की कळते, गाळाची रेघ शेवटच्या वितीवर उरलेली असते. उच्च दाबाच्या यंत्रणेची इन्सुलेशन चाचणी लेखी मागा. डीसी बाजूसाठी प्रमाण प्रतिव्होल्ट किमान १०० ओहम, म्हणजे ३५० व्होल्टच्या बॅटरीला ३५ हजार ओहम. विक्रेता गाडी चालवून दाखवतो पण चाचणीला टाळाटाळ करतो, तर परत फिरा.

जुन्या बाजारातून ई-कार घेणाऱ्यांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चासी क्रमांकावरून इतिहास विचारावा. पुराच्या सुमारास विम्यात पडलेला खंड आणि त्यानंतर काही महिन्यांतच बदललेला मालक, हे दोन्ही एकत्र दिसले तर शंका घ्यायला जागा आहे.

बोली जिंकलीच, तर गाडी दोर बांधून ओढू नका. चाके फिरली की मोटार वीज तयार करते. ती फ्लॅटबेडवरूनच आणा. घरापासून, गोठ्यापासून आणि इतर गाड्यांपासून किमान १५ मीटर लांब, उघड्यावर ठेवा, आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाने तपासेपर्यंत चार्जिंगला लावू नका.