राजूरच्या घरांतील हवेचीही मोजणी व्हावी

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर येथे अंगारकी चतुर्थीला राजुरेश्वराच्या दर्शनास येणारा समुदाय दर्शन आटोपून आपापल्या वाटेने परततो. परंतु जे लोक बारमाही त्याच भूमीवर नांदतात, ज्यांच्या आयुष्याचा मोठा भाग सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर बसण्या-निजण्यात जातो, त्यांच्या घरांतील हवेविषयी एकदा रीतसर विचारणा होणे मला अगत्याचे वाटते.

खडकात आणि मातीत अल्पांशाने सर्वत्र असणाऱ्या युरेनियमच्या क्रमशः विघटनातून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन हा वायू निपजतो. त्याला वर्ण नाही, गंध नाही, चव नाही. सुमारे ३.८ दिवसांत तो निम्मा होतो. पण तेवढ्या अवधीत तो जमिनीच्या भेगांतून कोंदट खोलीत शिरतो, आणि त्याच्यापासून उत्पन्न होणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुप्फुसात ठाण मांडतात. अनेक देशांत धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्याचा निर्देश करते. बिडी ओढणाऱ्यास तर हा धोका इतरांहून कित्येक पटींनी अधिक. धान्याच्या पेवात उतरण्यापूर्वी आत पेटता दिवा सोडून हवा पारखण्याची आपल्या वाडवडिलांची रीत होती. रेडॉनपुढे मात्र तो दिवा विझत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १९८४ साली स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्यामुळे अणुवीजकेंद्रातील सूचकयंत्रे वाजू लागली, तेव्हा शोधाअंती दोष केंद्राचा नसून त्याच्या राहत्या घरातील रेडॉनचा निघाला.

हे ऐकून राजूरकरांनी भयभीत व्हावे, असे मुळीच नाही. जालन्याचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, युरेनियमच्या बाबतीत ग्रॅनाइटहून पुष्कळच दरिद्री आहे. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट जसा भूपृष्ठावर येतो, तसा तो येथे येत नाही. सबब येथील आकडे बहुधा कमीच येतील. परंतु ज्या मुलखात बांधाच्या हातभर जागेसाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची दरखास्त पडते, तेथे श्वासाच्या हवेचा निवाडा मात्र अंदाजावर सोडावा, हे मला मान्य नाही. विशेषतः माळवदांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहत असताना आणि थंडीत त्यांच्या खिडक्या रात्रभर बंद राहत असताना.

मागणी फार मोठी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले, विजेवाचून चालणारे फिल्मचे छोटे मापक तीन-तीन महिने खोलीत टांगून वर्षाची सरासरी काढता येते. ग्रामसभेने ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभागास पाचारण करावे, आणि अंगणवाडी, शाळा, जुनी माळवदे व नवी पक्की घरे यांतून निवडक खोल्या घ्याव्यात. दर घनमीटरला १०० बेक्वेरेल ही जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी ओलांडणारे घर सापडलेच, तर जमिनीच्या भेगा बुजवणे, समोरासमोर झरोके ठेवणे आणि गरज पडल्यास फरशीखालून नळी काढून वायू छपराबाहेर सोडणे, हे उपाय गवंड्याच्या आवाक्यातले आहेत. सर्व घरे निर्दोष ठरली, तर पंचायतीने पुढील वर्षी या मोजणीचा पैसा बोअरच्या पाण्यातील नायट्रेट तपासण्याकडे वळवावा.