काकाकुव्याचा जीव आणि मेणबत्तीचं कौतुक

बुद्धिवादाचा उजेड म्हणे! जोसेफ राइटच्या १७६८ सालच्या ‘हवापंपातील पक्ष्यावरचा प्रयोग’ या चित्रापुढे हे पालुपद आळवणाऱ्या समीक्षकांनी एकदा मान वर करून पाहावं. काचेच्या गोळ्यात पांढरा काकाकुवा गुदमरतोय.

ज्ञानासाठी म्हणाल, तर ते केव्हाच पदरात पडलं होतं. हवा काढली की जीव जातो, हे रॉबर्ट बॉइलनं १६६० मध्येच छापलं होतं. पुढची शंभर वर्षं फिरते व्याख्याते गावोगाव पंप नेऊन पैसे घेऊन तोच खेळ दाखवत राहिले. मदारीच ते, फक्त अंगावर झगा. त्यांच्यातल्याच जेम्स फर्ग्युसननं, राइटच्या चित्राआधीच, हे बघवत नाही म्हणून जिवंत प्राण्याऐवजी हवा भरलेली पिशवी वापरावी असं सुचवलं होतं. म्हणजे सोय होती. पण पिशवी फुगली नि आक्रसली तर किंचाळणार कोण, आणि तिकीट काढणार कोण?

राइटही भोळा नव्हे. त्याच्या आधीच्या कच्च्या चित्रात साधाच पक्षी होता. त्याजागी काकाकुवा आला, तोही त्या काळच्या इंग्लंडात दुर्मिळ आणि महागडा. पोटासाठी हिंडणारा कुठला व्याख्याता असा पक्षी पंपात घालील? पण अंधारात पांढरी पिसं काय खुलतात! चित्रकारानं रंगासाठी बळी निवडला, आणि आपण त्याला छायाप्रकाशाचं प्रभुत्व म्हणतो.

प्रभुत्व आहे, नाही कशाला म्हणू? मेणबत्ती दिसतच नाही; ती मेजावरच्या काचपात्रामागे दडवलीय. तिचा उजेड माणसांना उघडं पाडतो. थोरली मुलगी डोळे झाकून घेते, धाकटी भेदरून वर बघते. एक गृहस्थ हातात घड्याळ धरून वेळ मोजतोय (मरायला किती लागतो, याचा हिशेब हवाच ना!). आणि तो व्याख्याता? हात झडपेवर, नजर पक्ष्याकडे नाही, थेट आपल्यावर. हवा आत सोडायची की नाही, हे जणू आपल्यालाच विचारतोय.

डावीकडचं तरुण जोडपं मात्र एकमेकांत रमलंय. अभ्यासकांचा जीवही तिथेच अडकला. तो थॉमस कोल्टमन, ती मेरी बार्लो, १७६९ मध्ये त्यांचं लग्न झालं, अशी सगळी सोयरीक त्यांनी धुंडाळली. काकाकुव्याच्या वाट्याला ‘रचनेतला पांढरा बिंदू’ एवढंच.