तारखेविना काम

जाहिरातीच्या कलाविभागात माझी सगळी नोकरी गेली. तिथं प्रत्येक चित्र ‘उद्या अकरापर्यंत’ हवं असे. निवृत्तीनंतर मी नवी मुंबईतल्या करावे गावाजवळच्या, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेलगतच्या पाणथळीवर फ्लेमिंगो रंगवायला जाऊ लागलो. डेडलाइन गेली, शिस्त मात्र राहिली. ती आता भरतीची आहे.

ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा हे पक्षी तिथं शेवाळ टिपतात. भरतीनं चिखल झाकला की विसाव्याला इकडे येतात. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून माझी वेळही सरकते. आज सकाळी सात, तर चार दिवसांनी दहाच्या पुढे. मासेमारी करणारी घरं अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे कमी चढणारं पाणी, पाहूनच होडी काढतात. घाई करून पाणी लवकर चढत नाही.

फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी असतं. शेवाळातल्या रंगद्रव्यानं ते सावकाश गुलाबी होतं. तो गुलाबी कागदावर आणायला फार पातळ लाल रंगाचे थर एकावर एक द्यावे लागतात. खाडीच्या दमट हवेत प्रत्येक थर वाळायला वेळ घेतो. त्या वेळात तिवरांच्या कडेनं चालणारा शेकाट्या दिसतो, पाण्याचा बदललेला रंग दिसतो, आणि पुढचा थर अधिक खरा उतरतो.

मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत राहून जंगलात राहणाऱ्यांकडून पक्ष्यांची नावं, त्यांच्या सवयी वर्षानुवर्षं टिपल्या. त्यातून मराठीला पक्षिकोश मिळाला. असं काम तिमाहीच्या उद्दिष्टात बसत नाही. म्हणून निवृत्तीची वाट न पाहता प्रत्येकानं एक काम तरी तारखेविना धरावं. एखादा राग, गोधडी, परसातली वेल, काहीही. ते विकायचं नसावं, कुणाला दाखवायचंही नसावं.

त्यासाठी शहरानंही जागा राखली पाहिजे. ठाणे खाडीला 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला, पण भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या तर सीवूड्स-नेरूळच्या पाणथळी सुकतील. त्या वाटा मोकळ्या ठेवा. पक्ष्यांना विसावा हवा आहे, आणि घड्याळाला जुंपलेल्या या शहरातल्या माणसांनाही.