खिडकीची चौकट आणि जबाबदारीची फट

जून महिन्यात नैऋत्येचा वारा सुटतो, पहिली मोठी झड येते आणि दोन-तीन वर्षांपूर्वीच ताबा मिळालेल्या सदनिकेत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात ओलीचा डाग उमटतो. मागल्या दिवाळीला दिलेला रंग फुगतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, पुस्तकांच्या कपाटामागे बुरशी धरते. घरमालक रंगाऱ्याला दोष देतो, रंगारी गिलाव्याला देतो. मुंबईत आणि कोकणपट्टीत दर पावसाळ्यात घडणारी ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिला दोष न म्हणता ऋतुमान म्हणण्याकडे लोकांचा कल झाला आहे. ही सोशिकता अनाठायी आहे. खिडकीतून ओल येणे हा पावसाचा गुण नसून बांधकामातील उणीव आहे, आणि ती टाळता येण्याजोगी आहे.

भिंत अखंड असते तोवर तिचे रक्षण सोपे असते. खिडकी वा दार ठेवण्यासाठी ती भिंत तोडावी लागते आणि त्या तुटलेल्या कडेशी वेगळ्याच जातीची वस्तू आणून बसवावी लागते. ॲल्युमिनियम उन्हाने काँक्रीटच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. साहजिकच चौकट आणि भिंत यांच्यामधील सांधा दररोज थोडा उघडतो, थोडा मिटतो. केसाएवढी फटही पाणी आत ओढून घेते आणि वाऱ्याचा दाब त्याला पुढे ढकलतो. पूर्वीच्या कोकणी घरांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला होता. छपराची पाखी खाली उतरवावी, पुढे पडवी काढावी आणि भिंतीपर्यंत पाणी येऊच देऊ नये, अशी ती रीत होती. बहुमजली इमारतींत पाखी गेली, पुढे छज्जेही आखूड झाले; परंतु त्यांचे काम कोणावर सोपवावयाचे, याचा विचार मात्र झाला नाही.

आजची सर्वसाधारण पद्धत अशी की, चौकट बसवावी, उरलेली फट सिमेंटने भरावी आणि शेवटी बाहेरून सिलिकॉनची एक रेघ ओढावी. घराचे सारे संरक्षण त्या एका रेघेवर अवलंबून राहते. ऊन, धूळ आणि सांध्याची हालचाल यांनी ती एके ठिकाणी सुटली की पाणी आत शिरते, आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट नसते.

द्रवरूप फ्लॅशिंग या नावाने ओळखला जाणारा लेप ही पद्धत उलटी करतो. येथे चौकट येण्यापूर्वी रिकाम्या भगदाडाचीच काळजी घेतली जाते. कडा साफ करून कोपरे व भेगा भरल्या जातात. मग तळ, दोन्ही बाजू आणि वरची कड यांवर ब्रशाने, रोलरने किंवा थापीने लेप देऊन तो बाहेरच्या भिंतीवरही काही अंतर वळविला जातो. वाळल्यावर त्याचा रबरासारखा लवचीक, सलग पडदा तयार होतो. चिकटपट्टी कोपऱ्यात दुमडावी किंवा कापावी लागते आणि पुष्कळदा तेथेच ती दगा देते. लेपाला कोपऱ्याचे भय नसते. तळाला बाहेरच्या बाजूस उतार ठेवावा, आतली कड किंचित उंच ठेवावी आणि चौकटीखालची बाहेरची फट पूर्णपणे बुजवू नये, म्हणजे चुकून शिरलेले पाणी आपोआप बाहेर निघून जाते.

या दुर्लक्षाची किंमत किती होऊ शकते, हे कॅनडातील व्हँकूव्हर शहराने अनुभवले आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत तेथे लाकडी सांगाड्याच्या, बाहेरून गिलावा केलेल्या शेकडो इमारती उभ्या राहिल्या. छपरांच्या पुढे आलेल्या कडा फॅशनखातर कापल्या गेल्या. खिडक्यांच्या आणि सज्जांच्या सांध्यांतून शिरलेले पाणी भिंतीत कोंडले आणि सांगाडे कुजले. दुरुस्तीचा भार सामान्य मालकांवर पडला. अनेक बांधकाम कंपन्या तोवर गुंडाळल्या गेल्या होत्या. माजी प्रांतप्रमुख डेव्ह बॅरेट यांच्या आयोगाने १९९८ मध्ये चौकशी केली, त्याच वर्षी कायदा झाला आणि १९९९ पासून नव्या घरांना सक्तीची हमी आली : कारागिरी व साहित्यासाठी २ वर्षे, पाणी शिरण्यासह बाह्य आवरणासाठी ५ वर्षे आणि सांगाड्यासाठी १० वर्षे. आपल्याकडील भिंती लाकडाच्या नाहीत, हे खरे. परंतु लाकूड कुजते तसे काँक्रीटमधील लोखंड गंजते. फरक असलाच तर वेळेचा आहे.

अर्थात लेप म्हणजे जादू नव्हे. धुळीवर दिलेला, पातळ ओढलेला किंवा उतार नसलेल्या तळावर फासलेला लेप निरुपयोगीच ठरतो. तो छज्जाची जागाही घेऊ शकत नाही. खर्च वाढेल, हा आक्षेपही अपेक्षित आहे. तथापि उंच इमारतीला बाहेरून परात बांधून केलेल्या दुरुस्तीच्या तुलनेत तो खर्च किरकोळच म्हणावा लागेल.

खरी अडचण साहित्याची नसून जबाबदारीची आहे. भगदाड गवंडी सोडतो, चौकट ॲल्युमिनियमवाला बसवितो, बाहेरची कड रंगारी रंगवितो. प्रत्येकाचे काम आपापल्या कडेशी संपते आणि मधली फट कोणाच्याच करारात बसत नाही. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेला कारागिरीचा दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. ही तरतूद मोलाची आहे. पण ती दोष घडल्यानंतरची आहे. तो घडूच नये यासाठी खिडकीच्या भगदाडाचे जलरोधन निविदेत स्वतंत्र काम म्हणून दाखविले जावे, ते एकाच ठेकेदाराकडे असावे, आणि आतला रंग लागण्यापूर्वी प्रत्येक खिडकीवर पाण्याचा फवारा मारून तिची परीक्षा व्हावी. सरकारी शाळा व कर्मचारी वसाहतींपासून याचा आरंभ करता येईल.

शिक्षक किंवा कारकून आयुष्यात बहुधा एकदाच घर घेतो आणि वीस वर्षे त्याचे हप्ते फेडतो. ताबा घेताना त्याने फरशीची चकाकी पाहण्याऐवजी खिडकीवर पाणी मारून दाखविण्याची मागणी करावी. विकासकाचे उत्तर त्याला तेथेच, भिंतीवर वाचता येईल.