काट्यावरचा मराठा

परळास गिरणीच्या जागेवर उठलेल्या एका उंच इमारतींत आमच्या एका सुविद्य स्नेह्यांकडे परवां जेवणाचा योग आला. पानें मांडण्यापूर्वीं त्यांनीं मोठ्या हौसेनें आपलें कांचेचें कपाट उघडून दाखविलें. मखमलीवर जुन्या लष्करी मेसमधील सुऱ्या, चमचे ओळीनें मांडले होते. मधोमध एक काटा, त्याच्या दांड्यावर '११० एम. एल. आय.' हीं इंग्रजी अक्षरें, आणि खालीं सुबक चिठ्ठी : 'मराठ्यांच्या शौर्याची निशाणी'. मंडळी सद्गदित झाली. यजमानांचा मान राखून आम्ही त्या वेळीं गप्प बसलों. तें मौन येथें सोडीत आहों.

काटा बनावट होता असें आमचें म्हणणें नाहीं. मुंबई इलाख्याच्या फौजेंतील दहाव्या पलटणीस ११० हा आकडा किचनेरसाहेबांच्या १९०३ च्या फेररचनेंत मिळाला, आणि १९२२ सालीं तीच पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण झाली. म्हणजे काटा या एकोणीस वर्षांतला. १०३ व ११७ या मराठा पलटणींसह हीच पलटण कूत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यांत सांपडली व २९ एप्रिल १९१६ रोजीं तुर्कांच्या हातीं गेली. चिठ्ठी लिहितांना स्नेह्यांच्या मनांत हेंच असावें. पण त्या वेढ्यांत अखेरीस घोडे कापून खाण्याची पाळी आली, आणि तें मांस खावें कीं धर्म राखावा या पेंचांत कित्येक हिंदी शिपायांनीं उपास काढले. त्या उपासांशीं या काट्याचा संबंध काय?

काटा अधिकाऱ्यांच्या मेसचा. त्या टेबलाशीं बसण्याचा अधिकार राजाची सनद असलेल्यांनाच होता. मिशा पांढऱ्या झालेल्या सुभेदार-मेजरासहि तेथें खुर्ची नव्हती. शिपाई तर आपल्या थाळींत, आपल्या हातानें जेवणारा. वैद्यकीय खात्यांतील तुरळक हिंदी डॉक्टर सोडले, तर महायुद्ध संपेपर्यंत त्या टेबलाजवळ दिसणारा हिंदी मनुष्य हा वाढणारा किंवा उष्टीं उचलणारा. पुढें १९२३ सालीं हिंदी अधिकाऱ्यांसाठीं म्हणून आठ पलटणी निवडल्या गेल्या व त्यांत एक मराठ्यांची होती, हें खरें. पण तो बेतहि असा कीं, गोऱ्या अधिकाऱ्यास हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखालीं राबावें लागूं नये! सारांश, काट्यावर मराठ्यांचें नांव आहे, परंतु त्यानें घांस घेतला तो दुसऱ्यांनीं. पलटणीचा मान सर्वांचा, असें कोणी म्हणेल. रणांगणावरचा मान सर्वांचा खराच. टेबलावरचा नव्हता, आणि काटा ही टेबलावरची वस्तु आहे.

शिवाय तो 'चांदीचा' म्हणून सांगण्यांत आला. मागें ई. पी. एन. एस. हीं अक्षरें स्वच्छ होतीं : जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. अस्सल इंग्लिश चांदीवर चालत्या सिंहाचा ठसा, शहराची खूण (बर्मिंगहॅमचा नांगर ही त्यांतलीच) आणि वर्षाचें अक्षर असतें. शेजारच्या चमच्यावर बाण होता. तो युद्धाचा बाण समजून एका पाहुण्यानें त्यास नमस्कारच केला! तो सरकारी मालमत्तेचा बाण. खालीं 'आय' हें अक्षर असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. तो बरॅकींतला, इस्पितळांतला. मेसचें सामान अधिकाऱ्यांच्या वर्गणीचें किंवा देणगीचें, त्यावर बहुधा पलटणीचें चिन्ह असे. आणि जेथें मुलामा झिजून टोकें पिवळीं पडलीं आहेत, पण कोरीव चिन्हाच्या कडा अजून नखाला लागतात, तेथें चिन्ह चमच्याहून तरुण आहे असें खुशाल समजावें. हें पाहण्यास भिंग पुरतें. आमचे संग्राहक मात्र दर रविवारीं भुकटी लावून घांसतात, आणि पुराव्यासकट मुलामा फडक्यावर येतो.

एवढ्यानें आमचा संताप झाला नसता. याच परळच्या चाळींतून सातारा-रत्नागिरीचीं माणसें तीन पिढ्या राहिलीं, आणि त्यांपैकीं कित्येकांच्या ट्रंकेंत १९१४-१८ च्या युद्धाचें रुपेरी पदक होतें. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते. तें खऱ्या चांदीचें, म्हणूनच सोनाराकडे गेलें. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजीनें सासऱ्यांचें पदक १९८२ च्या गिरणी-संपांत मोडीत घालून ज्वारी आणली. त्या माउलीस दोष देण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. दोष त्यांचा, जे आज तेथेंच राहून निनांवी गोऱ्या अधिकाऱ्याच्या मुलाम्याच्या काट्यास हजारों रुपये मोजतात, त्यावर मराठ्यांचें शौर्य चिकटवितात, आणि ज्या पदकावर मराठ्याचें नांव आहे त्याची चौकशीहि करीत नाहींत. अशीं पदकें आजहि वजनावर विकलीं जातात. शौर्याची निशाणीच हवी, तर ती तेथें शोधावी. निदान आटविण्यापूर्वीं कडेवरचीं अक्षरें उतरून घ्यावींत.

स्नेह्यांनीं काटा टाकून द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. चिठ्ठी तेवढी बदलावी. '११० व्या मराठा पलटणीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमधील काटा. १९०३ ते १९२२. मुलाम्याचा' असें लिहावें, आणि जागा उरली तर तो रोज रात्रीं घांसून ठेवणाऱ्याचाहि उल्लेख करावा. त्याचें नांव मात्र त्यांस कोठें कोरलेलें सांपडणार नाहीं.