पिल्लाचे स्नान आणि लशीची वही

बडोद्याच्या एका वाचकभगिनींचे पत्र समोर आहे. पत्र सात्त्विक संतापाने भरलेले आहे. त्यांच्या घरी शिह त्झू जातीचे दहा आठवड्यांचे पिल्लू आले. नातवाच्या हट्टापायी त्याला स्नानासाठी व केस कापण्यासाठी कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेले, तर तेथील मुलीने दारातच लसीकरणाची वही मागितली. पहिली मात्रा झाली आहे, रेबीजची लस तीन महिन्यांचे होईपर्यंत देत नाहीत असे डॉक्टरांनीच सांगितले आहे, असे परोपरीने समजावूनही तिने पिल्लाला आत घेतले नाही. 'जी लस देताच येत नाही तिचा दाखला कोठून आणावा?' असा भगिनींचा सवाल आहे. पुढे दुसऱ्या एका दुकानात काहीही न विचारता काम झाले, हेही त्यांनी समाधानाने कळविले आहे.

ते समाधान वाचून मात्र मला धास्ती वाटली.

भगिनींचे म्हणणे खोटे नाही. रेबीजची पहिली लस साधारणपणे तीन महिने पूर्ण झाल्यावरच देतात. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष नेमका उलट आहे. दाखला मिळण्याचे वय झाले नाही, याचाच अर्थ अनोळखी कुत्र्यांच्या वावरात जाण्याचेही वय अजून झालेले नाही.

पिल्लाला जन्मतःच आईच्या चिकातून काही प्रतिकारद्रव्ये मिळतात. पहिले काही आठवडे तीच त्याचे रक्षण करतात. पण गंमत अशी, की ती अंगात असेतोवर बाहेरून दिलेल्या लशीलाही निष्प्रभ करतात. ती कोणत्या पिल्लात कोणत्या आठवड्यात ओसरतील, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून पुढे सोळा आठवड्यांपर्यंत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने मात्रा देत राहावे लागते. एक मात्रा झाली म्हणजे लसीकरण सुरू झाले, पूर्ण झाले नव्हे.

या मधल्या काळातला मोठा वैरी म्हणजे पार्व्हो. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला. रक्ती हगवण आणि ओकाऱ्या यांनी लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचे जाते. हा विषाणू विलक्षण चिवट. जमिनीवर, टॉवेलात, ब्रशात तो महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाला वा फिनेलला दाद देत नाही. त्याला ब्लीचिंगचे द्रावण लागते, तेही जागा आधी स्वच्छ धुऊन, दहा मिनिटे तरी ओले ठेवून. शिवाय बाधा झालेले कुत्रे लक्षणे दिसण्याआधीच विषाणू बाहेर टाकू लागते. त्या टेबलावर सकाळी न्हालेले कुत्रे धडधाकट दिसत होते, एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत रेबीजचा दाखला का मागतात, हेही समजून घ्यावे. नखे कापताना, कान साफ करताना गरीब कुत्रेसुद्धा दचकून चावते. पोटात टोचायची ती चौदा इंजेक्शने जुन्या मंडळींना आठवत असतील. ती लस भारतात २००५ पर्यंत बंद झाली आणि आता दंडात सुसह्य लस मिळते. पण रोगाची लक्षणे उमटल्यावर रोगी दगावतोच, ही गोष्ट १८८५ साली पाश्चरने लस दिली तेव्हा जितकी खरी होती तितकीच आजही आहे. दुकानातल्या त्या मुलीलाही घरदार आहे. तिने स्वतः प्रतिबंधक लस घेतली आहे काय, हे मालकाने पाहिले पाहिजे. आणि कोणी चावलेच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अर्थात दाखला म्हणजे सर्व काही नव्हे. नायटा लशीने अडत नाही. तो कंगव्यातून, कातरीतून येतो आणि घरातल्या मुलांनाही होतो. गोचिडांचेही तसेच. तेव्हा आपणही दुकानदाराला विचारावे: दोन कुत्र्यांच्या मध्ये हत्यारे निर्जंतुक करता काय? टॉवेल प्रत्येकाला निराळा आहे काय? खोकणाऱ्या कुत्र्याला परत पाठविता काय? उत्तर देताना जो चिडेल, त्याचे दुकान टाळावे. वहीतील तारखाही पाहाव्यात. वर्ष उलटलेला दाखला आणि काल टोचलेली लस, दोन्ही उपयोगाची नाहीत. लस अंगी लागायला दोन ते चार आठवडे जावे लागतात.

आता त्या भगिनींसाठी. दुकानात जाऊन आल्यापासून दोन आठवडे पिल्लावर नजर ठेवावी. खाणे सोडले, ओकले किंवा पातळ शौच झाले, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. उरलेल्या मात्रा वेळेवर द्याव्यात आणि शेवटच्या मात्रेनंतर दोन-तीन आठवडे थांबून, रेबीजच्या लशीलाही महिना झाला आहे ना हे पाहून, त्या पहिल्याच पार्लरमध्ये जावे. तोवर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसावे, रोज हलक्या हाताने केस विंचरावेत. डोळ्यांवर येणारे केस मऊ रबराने वर बांधता येतात. नखे लस टोचायला नेल्यावर डॉक्टरच कापून देतील.